नसलेले बारा वादक

४ फेब्रुवारी

आज मी एका कामाला हो म्हणून बसले.

झालं असं, की नृत्यशाळेतला सकाळचा वर्ग संपला आणि मी पियानोचं झाकण लावत होते. मी तिथली पियानोवाली. मुली नाचतात, मी वाजवते. इतकी वर्षं त्यांच्या पायांकडे बघून वाजवल्यामुळे माझी मान कायमची डावीकडे वळली असावी. तेवढ्यात तुफानबाई आल्या. तुफानबाई म्हणजे आमच्या संचालिका. हे नाव मी ठेवलंय आणि ते फक्त या वहीला माहीत आहे.

त्या जूनमध्ये 'विणकरीण' नावाची नवी नृत्यनाटिका बसवतायत. पूल वाहून गेलाय, नदीपलीकडे जायचंय, म्हणून एक विणकरीण मैत्रिणींना घेऊन लांबच लांब कापड विणते आणि शेवटी त्या कापडावरून चालत पलीकडे जाते, अशी गोष्ट. संगीतकार महाशयांना दुसरीकडे मोठं काम मिळालं आणि ते एक ओळही न लिहिता पसार झाले.

"तू लिही," तुफानबाई म्हणाल्या.

"मी?"

"वर्गात मनाला येईल ते वाजवतेस ना, ते मला आवडतं. फक्त पियानो नको. मला तारा हव्यात. व्हायोलिन, व्हायोला, चेलो. बारा माणसं."

पण ती बारा माणसं लगेच मिळणार नाहीत. आधी एप्रिलमध्ये नाट्यगृहाच्या विश्वस्तांना संगीत ऐकवायचं. त्यांना पटलं तर वादक, नाहीतर बाजारातलं तयार संगीत लावायचं. वादकच नसताना ऐकवायचं कसं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कॉम्प्युटरवर कर. हल्ली सगळे करतात." आणि निघूनही गेल्या.

घरी येऊन दादाला सांगितलं. दादा उभा जन्म वाद्यवृंदात व्हायोला वाजवत होता. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, जिच्याकडे लग्नात कुणी बघत नाही, हे त्याचंच वाक्य. खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो माझ्याकडे राहायला आला. खांदा कधीच बरा झालाय, डॉक्टर तसं दरवेळी सांगतात. पण व्हायोलाची पेटी कपाटावर चढली ती चढलीच. आता तो शब्दकोडी सोडवतो आणि गॅलरीत टोमॅटो लावतो.

"तारांसाठी लिहिणार? तू?" त्याने पेन्सिलही खाली ठेवली नाही. "पियानोची पट्टी दाबली की सूर येतो, चिंगे. तारेला विचारावं लागतं."

मला असा राग आला! एक शब्द बरा बोलेल तर शपथ.

९ फेब्रुवारी

स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर मला येतं, वर्गाच्या चाली मी त्यातच लिहून ठेवते. आता त्याला जोडायला तारवाद्यांचं दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात म्हणे खऱ्या वादकांकडून एकेक सूर वेगवेगळ्या तऱ्हेने वाजवून भरून ठेवलाय. तारांवरून ओढलेला लांब गज, आखूड गज, थरथरता गज, बोटाने छेडलेली तार. ऐकून वाटलं, आता काय, लिहायचं आणि ऐकायचं.

मागाचा प्रवेश लिहिला. माग खटखट चालतोय, म्हणून सगळ्यांनी गज बाजूला ठेवून बोटाने तारा छेडायच्या. त्याला पिझिकाटो म्हणतात. सुरांच्या डोक्यावर तसं व्यवस्थित लिहिलं आणि बटण दाबलं.

तर बाराच्या बारा जण लांब, ओले गज ओढायला लागले. माग राहिला बाजूला, हुंदके सुरू झाले.

स्वयंपाकघरातून दादाचा आवाज आला, "कोण गेलं?"

११ फेब्रुवारी

नाट्यगृहाच्या ध्वनिमुद्रकांना फोन केला. आम्ही सगळे त्यांना कानसेन म्हणतो आणि त्यांनाही ते आवडतं. ते फोनवर सांगतील असं वाटलं होतं, पण संध्याकाळी स्वतःच आले. एक केबल घेऊन आले होते, ती लागली नाही.

त्यांनी फार छान समजावलं. म्हणाले, "तुमच्या या पेटीत बारा वादक बसलेत असं समजा. गुणी आहेत, पण त्यांना वाचता येत नाही. तुम्ही डोक्यावर कितीही सुंदर अक्षरात 'पिझिकाटो' लिहा, त्यांच्या लेखी ते शून्य. त्यांना फक्त सूर कळतात."

"मग सांगायचं कसं?"

त्यांनी कॉम्प्युटरला जोडलेल्या माझ्या पियानोच्या पट्ट्यांवर अगदी डावीकडे बोट ठेवलं. व्हायोलिनला कधीच न जमणाऱ्या खोल सुरांकडे. त्या पट्ट्या दाबल्या की आवाज येत नाही, हुकूम जातो. ही दाबली की लांब गज, शेजारची दाबली की छेडा, त्याच्या पलीकडची दाबली की थरथर.

मी लगेच मागाच्या प्रवेशात पहिल्या सुराच्या आधी तो खोल सूर बारीक करून लिहिला आणि बटण दाबलं.

टक टक टकटक टक! माग चालू झाला! मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. कानसेनही उठले. दादा दारात येऊन बघून गेला.

१६ फेब्रुवारी

झपाट्याने लिहिते आहे. आज विणकरणीच्या आईचं गाणं लिहिलं, संथ, एका सुरातून दुसऱ्यात ओघळणारं. ऐकलं तर आई टुणटुण उड्या मारतेय. आधीच्या प्रवेशात छेडायचा हुकूम दिला होता, तो मागे घ्यायला मी विसरले. हे लोक सांगितलेलं करतात आणि पुढचं सांगेपर्यंत तेच करत बसतात. आमच्या घरातल्या एकाला हा गुण असता तर.

२३ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट गेला.

दोन प्रवेश पुरे झाले म्हणून हौसेने कागदावर छापून काढले आणि चहा करायला गेले. परत येते तो दादा चष्मा लावून पानं बघत होता आणि त्याचे खांदे गदगदा हलत होते. हसत होता.

"हा सूर कोण वाजवणार?" त्याने बोट ठेवलं. ते माझे हुकमाचे खोल सूर, प्रत्येक ओळीत, किडामुंगीसारखे सांडलेले. "व्हायोलिनवर हा सूर काढायचा तर व्हायोलिन पलंगाएवढं करावं लागेल."

"तो वाजवायचा नाहीये. तो यंत्रासाठी आहे."

"मग हा कागद कुणासाठी आहे?"

"तुला काय करायचंय?"

"वादक आले की त्यांच्यापुढे हाच ठेवणार ना? पहिल्या ओळीत पहिला माणूस हात वर करणार, दुसऱ्या ओळीत दुसरा. अर्धी तालीम 'हे काय आहे' यातच जाईल. लिहिलेलं वाचून माणसाला वाजवता आलं पाहिजे. नाहीतर हे संगीत नाही, तुझ्या यंत्राची मनधरणी आहे."

मी म्हटलं, "तू मला शिकवू नकोस. तू तर पेटीसुद्धा उघडत नाहीस." त्याने पानं नीट जुळवली, टेबलावर ठेवली आणि गॅलरीत जाऊन टोमॅटोंना पाणी घालत बसला. सकाळीच घातलं होतं.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं खरं आहे. विश्वस्तांपुढे यंत्र वाजणार, पण रंगमंचापुढे माणसं बसणार. कागद एकच. आता दोन कागद करू की काय? करीनही. पण मग एकात बदल केला की दुसऱ्यात करायचा, आणि मी विसरणार, हे मला आजच दिसतंय.

२६ फेब्रुवारी

सापडलं!!

कानसेनांनी नुसतं एवढंच सांगितलं होतं, की माझ्या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी एक तक्ता असतो. पुढचं मी शोधलं. एका बाजूला मी लिहिते त्या खुणा आणि दुसऱ्या बाजूला त्या खुणेसाठी यंत्राला द्यायचा हुकूम. एकदा भरून ठेवलं की मी 'पिझिकाटो' लिहिलं की सॉफ्टवेअर आपणच तो खोल सूर गुपचूप पाठवतं. कागदावर काही दिसत नाही. म्हणजे एक दुभाषा मध्ये बसवायचा. वादकांना वाचता येत नाही ना, मग त्यांच्या कानाशी वाचून दाखवणारा ठेवायचा.

पण काल दिवसभर हा दुभाषा मुका होता. तक्ता बरोबर, खुणा बरोबर, आणि तरी सगळे ओले गज. मी तो तक्ता इतक्यांदा तपासला की आकडे डोळ्यांपुढे नाचायला लागले. रडायचीच बाकी होते.

आज सकाळी ब्रेडला लोणी लावता लावता एकदम वाटलं, दोन्ही सॉफ्टवेअर एकाच पट्टीला एकच नाव देतात कशावरून? सुरी तशीच हातात घेऊन कॉम्प्युटरपाशी गेले. आणि खरंच! पियानोच्या बरोब्बर मधल्या 'सी' या सुराला माझं सॉफ्टवेअर 'सी चार' म्हणतं आणि वाद्यांचं सॉफ्टवेअर 'सी तीन'. त्यामुळे माझे सगळे हुकूम एक मजला खाली जात होते, जिथे कुणी राहतच नाही.

सगळे आकडे एकाने वाढवले आणि बटण दाबलं. कागदावर फक्त सूर आणि खुणा, स्वच्छ, आणि मागाचा प्रवेश खटाखट चालतोय. मग 'गज' लिहिलं तिथे गज आला. सुरांवर कमान काढली तिथे आई ओघळायला लागली. सुरांवर टिंबं दिली तिथे गज टपटप उडायला लागला. शेवटच्या प्रवेशासाठी सुराच्या दांडीवर तीन तिरप्या रेघा मारल्या, की अख्खा समूह थरथरायला लागला. मी लिहीन ते वाजतंय!

दादाला कागद नेऊन दाखवला. त्याने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. म्हणाला, "आता वाचता येतंय."

ही स्तुती होती की काय, कळलं नाही.

८ मार्च

दादाने माझं डोकं खाल्लंय. आता त्याला गज कुठल्या दिशेला जातो याची पडली आहे. "हा सूर जोरात हवा ना? मग गज खाली ओढायला हवा. तू त्याला वर पाठवलायस." मी म्हटलं, यंत्राला काही फरक पडत नाही. तर म्हणतो, "यंत्राला नाही पडत, मनगटाला पडतो." आणि पेन्सिल घेऊन माझ्या पानांवर छोटे छोटे चौकोन आणि उलट्या टोप्या काढत सुटतो. चौकोन म्हणजे खाली, टोपी म्हणजे वर. पूर्वी दिवसभर कोड्यात असायचा ते बरं होतं.

आज तर हवेत आमटीचा डाव हलवून मला दाखवत होता की इथे गज का अडकेल. मी म्हटलं, डावाने काय कळणार? तेव्हा 'थांब' म्हणून आत गेला आणि चक्क व्हायोला घेऊन आला. दोनच ओळी वाजवल्या, ठेवून दिली. त्याचं म्हणणं बरोबर होतं, मी ती जागा बदलली.

नवल एवढंच वाटलं, की इतक्या वर्षांत पेटी उघडली नाही तरी तारा पहिल्या फटक्यात सुरात होत्या. चांगल्या प्रतीच्या असाव्यात.

१९ मार्च

शेजारच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "दुपारी तुमचा कॉम्प्युटर फार गोड वाजतो हो. मी मुद्दाम दार उघडं ठेवते." दुपारी मी वर्गावर असते! म्हणजे मी बंद करायला विसरते आणि तो आपणच वाजत बसतो की काय? कानसेनांना विचारलं. ते म्हणाले असं होणं शक्य नाही, पण येऊन बघतो. येऊन गेले. दोष सापडला नाही. पुन्हा एक केबल आणली होती.

ते गेल्यावर दादा म्हणतो, "या माणसाला केबलचं काम असतं की चहाचं?" मी म्हटलं, दादा, लोक मनापासून मदत करतात तर तुझं आपलं काहीतरीच. हल्ली त्याच्या उजव्या बाहीवर पांढरी पूड दिसते. टोमॅटोंना कसलंसं औषध मारत असणार. धुवायला मलाच लागतं.

३० मार्च

शेवटचा प्रवेश संपला.

आमची मुख्य नर्तकी म्हणजे सुतळी. इतकी सडपातळ की लहानपणापासून हेच नाव पडलंय. बाकीच्या मुली कापड ताणून धरतात आणि सुतळी त्यावर चढून चालते. मधोमध एका पायावर थांबते. तिथे मी तारांची थरथर लिहिली आहे, आधी अगदी हळू, मग वाढत जाणारी. ती उतरली की थरथर थांबते आणि सगळे मिळून एकदाच तार छेडतात. ठक्. ती पलीकडे पोहोचली.

सगळं एका दमात ऐकलं. माझं आहे यावर विश्वास बसेना. मग लगेच वाटलं, आपल्याला आपलंच कौतुक. लोकांना काय वाटेल कोण जाणे.

९ एप्रिल

विश्वस्तांना ऐकवलं. मी भिंतीला टेकून उभी होते. तिघं खुर्च्यांवर, तुफानबाई खिडकीत, कानसेन यंत्रापाशी. संपल्यावर तिघंही खाली बघत बसले. मला वाटलं, बुडाले. खजिनदारांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "वादक कुठले आहेत हे?"

तुफानबाई म्हणाल्या, "नाहीयेत. कॉम्प्युटर आहे."

"छे! तो चेलो तर श्वास घेतोय."

दोनदा सांगितल्यावर त्यांना पटलं. मग तिघेही माझ्याकडे वळून बघायला लागले आणि मला कुठे बघावं कळेना. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अप्रतिम!" त्या क्षणी मी जमिनीपासून वीतभर वर होते, खोटं कशाला सांगू.

आणि मग खजिनदार म्हणाले, "मग वादक हवेतच कशाला? हेच लावू की."

बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. इतकं सरळ होतं ते. वाईट केलं असतं तर वादक मिळाले नसते. चांगलं केलं, म्हणूनही मिळणार नाहीत.

१० एप्रिल

वर्गात तीन ठिकाणी चुकले. एकीचा पाय हवेतच राहिला.

तुफानबाई गप्प आहेत, म्हणजे त्यांच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. विश्वस्त पुढच्या आठवड्यात तालीम बघायला येणार, तेव्हा शेवटचं ठरवू म्हणालेत. पण ठरल्यासारखंच आहे.

दादाला म्हटलं, "तुझंच खरं झालं. यंत्र नको नको म्हणत होतास."

"मी कधी म्हटलं नको? तू त्याला चांगलं बोलायला शिकवलंस." त्याने कोड्याचा कागद बाजूला सारला. कोडं कोरंच होतं. "त्यांना सांगत बसू नकोस. वाजवून दाखव. शेवटचा प्रवेश. चार माणसं पुरतील."

चार माणसं आणायची कुठून? संगीतशाळेतले व्हायोलिनवाले नवराबायको येतील, ते मला ओळखतात. चेलोसाठी लंबू आहे. तो दादाच्याच वाद्यवृंदातला, भला माणूस. "पण व्हायोला?" मी म्हटलं. "व्हायोलावाले आजकाल मिळतात कुठे?"

"व्हायोलाचं मी बघतो," दादा म्हणाला.

आता हा कुणाला आणणार देव जाणे. तो त्याचा जुना आळशी मित्र नसला म्हणजे मिळवली.

१५ एप्रिल

आज काय काय झालं! क्रमाने लिहिते.

तालीमघरात मी चार खुर्च्या मांडल्या. नवराबायको आले. येतानाच भांडत आले, पार्किंगवरून. लंबू आला. व्हायोलाच्या खुर्चीवर कुणी नाही. विश्वस्त आत येऊन बसले तरी नाही. तेवढ्यात दादा आला, इस्त्रीचा शर्ट, हातात त्याची पेटी.

मी धावत जाऊन म्हटलं, "अरे, तुझा वादक कुठाय?"

"हा काय."

"कुठे?"

"चिंगे," तो म्हणाला, "बाजूला हो. मला सूर लावू दे."

मी तशीच उभी. त्याने व्हायोला बाहेर काढली, गजाला राळ घासली, पांढरी पूड बाहीवर पडली, आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. दुपार. शेजारच्या काकू. औषध म्हणे! लंबूने मात्र डोळा मारला. त्याला माहीत होतं. मला वाटतं मी सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं.

तुफानबाईंनी आधी कॉम्प्युटरवरचं लावलं. मुलींनी कापड ताणलं, सुतळी चढली. मध्यावर एका पायावर थांबली, आणि आज तिचा तोल असा काही साधला की ती हलेचना. थरथर वाढत गेली, जितकी मी लिहिली होती तितकी वाढली, थांबली, आणि ठक्. सुतळी अजून वरच. संगीत पलीकडे पोहोचलं होतं, बाई नदीतच. तिने घाईने उडी मारली, कापड सुटलं, दोन मुली आपटल्या. यंत्राने काही चूक केली नव्हती. त्याने माझं लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाजवलं.

"आता हेच पुन्हा," तुफानबाई म्हणाल्या. "हे चौघं वाजवतील. यांनी कागद आज पहिल्यांदा पाहिलाय."

दादा सोडून, हे त्यांनी सांगितलं नाही. आणि खरंच, कुणीही हात वर केला नाही. कुणी 'हे काय आहे' विचारलं नाही. चौघांचे गज एकाच दिशेला खाली आले.

सुतळी चढली. मध्यावर आली. एका पायावर थांबली. थरथर सुरू झाली, आणि मी बघितलं तर दादा कागदाकडे बघतच नव्हता. तो तिच्या घोट्याकडे बघत होता. बाकीचे तिघं दादाकडे. ती थांबली, ते थांबले. मला वाटलं आता उतरेल. नाही उतरली. चार गज थरथरतायत, कापड थरथरतंय, मुलींचे दंड थरथरतायत, आणि ती मध्ये निवांत उभी. खजिनदार कधी उभे राहिले मी पाहिलं नाही. मग तिची टाच किंचित खाली आली, दादाची हनुवटी किंचित खाली आली, आणि तिचा पाय जमिनीला लागला त्याच क्षणी चार तारा एकदम. ठक्.

मुलींनीच आधी टाळ्या वाजवल्या. कापड टाकून.

खजिनदार अजून उभेच होते. मग तुफानबाईंना म्हणाले, "उरलेले आठ जण कधी येणार?"

मी दादापाशी गेले. तो खांदा चोळत होता. "दुखतोय का?" म्हटलं.

"दुखतोय," तो म्हणाला. "मस्त दुखतोय."

आणि मग आम्ही दोघं तिथेच, सगळ्यांसमोर, वेड्यासारखे हसत सुटलो. नवराबायको भांडायचे थांबून बघत राहिले.

१२ मे

बारा वादकांची पहिली तालीम. सगळे प्रवेश एका बैठकीत वाचून झाले. चहाला थांबलो तेव्हा मागच्या रांगेतल्या एक व्हायोलिनवाल्या बाई मला म्हणाल्या, "तुम्ही कुठलं तारवाद्य वाजवता?" मी म्हटलं, कुठलंच नाही. त्यांचा विश्वास बसला नाही. "मग हे गज तुम्हाला सुचले कसे?" मी दादाकडे बोट दाखवलं. तो तेव्हा नवराबायकोशी हुज्जत घालत होता, कारण त्यांनी आईच्या गाण्यातली त्याची एक टोपी खोडून चौकोन केला होता. हरला. चौकोनच छान वाटतो. घरी आल्यावर त्याने कबूल केलं, पण फक्त मला.

यंत्राला सुट्टी नाही. मुली घरी त्याच्या ध्वनिमुद्रणावरच सराव करतात. आजारपणामुळे एका वादकाला पुढच्या तालमीला यायला जमणार नाही, तर त्यानेही माझ्याकडून ते मागवून घेतलं. कानसेन सगळ्यांना पाठवून देतात. माणूस कामाला फार तत्पर. आज केबल आणली नाही, कॉफी आणली. म्हणाले सहज.

१४ जून

पहिला प्रयोग झाला. झाला!

मी शेवटच्या रांगेमागे उभी राहून बघितला, बसवेना. माग सुरू झाला तसं पुढच्या रांगेतले एक आजोबा गुडघ्यावर बोटं वाजवायला लागले. आईच्या गाण्याला एवढ्या मोठ्या दालनात कुणी खोकलंसुद्धा नाही. आणि शेवटी सुतळीने कमाल केली. तालमीत कधी थांबली नव्हती इतकी थांबली. बारा गज तिच्या खाली थरथरत होते आणि मला वाटलं, ही आता तिथेच राहणार, आम्ही सगळे इथेच राहणार, राहू दे. लोकांनी श्वास धरून ठेवले होते ते मला ऐकू येत होतं. मग ती उतरली. तार वाजली. आणि मग अख्खं नाट्यगृह उठलं.

मुली वाकल्या, सुतळी वाकली, सुतळीने खाली वादकांकडे हात केला, तेही उठले. टाळ्या वाढल्या. तुफानबाई मला धरून, जवळजवळ फरफटत, रंगमंचावर घेऊन गेल्या. मला दिवे सोडून काही दिसलं नाही. मग खाली दादा दिसला, व्हायोला काखेत धरलेली, डोळे लाल, गजाने स्टँडवर टकटक करत होता. वादक एकमेकांना अशीच शाबासकी देतात. मला ती दादाकडून आज पहिल्यांदा मिळाली. आणि मग सगळ्या बाराजणांनी टकटक सुरू केली.

बाहेर आलो तर पुढच्या तिन्ही प्रयोगांची तिकिटं संपल्याची पाटी लावत होते. खजिनदार ती पाटी स्वतः सरळ करत होते.

तुफानबाईंना चैन कुठलं. जिन्यातच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दुप्पट मोठं करायचं. लिहिशील ना?"

दादाने माझ्याकडे बघितलं, लंबूने बघितलं, कानसेन तर माझा कोट हातात धरून उभेच होते.

"आधी जेवू या," मी म्हटलं. "आणि हे बघा, नुसत्या तारा नकोत आता. मला बासरी हवी, ओबो हवा, क्लॅरिनेट हवं."

"तुला फुंकवाद्यांतलं काही कळतं?" दादाने विचारलं.

"ओ की ठो कळत नाही!" मी म्हटलं आणि सगळ्यांच्या पुढे जिना उतरले.